ढगातली धडधड

बांधकामावर सगळे तिला क्रेनताई म्हणत. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, आणि काम असं की भल्याभल्यांना घाम फुटावा. रोज सकाळी ती लोखंडी शिडीच्या तीनशे बारा पायऱ्या चढायची आणि क्रेनच्या कपाटाएवढ्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. काही दिवस ढग तिच्या पायांखालून जात. सगळं शहर त्यांत बुडालेलं असे, एखादी पाण्याची टाकी तेवढी डोकं वर काढून. जणू रात्रीतून समुद्र आत आला नि कुणाला पत्ताच लागला नाही.

पण हुकाला पहिलं वजन लागलं की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. हात गार, घशाला कोरड. नऊ वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा तपासून "हृदय ठणठणीत आहे" म्हणून घरी पाठवलं. ताईला मात्र त्या धडधडीची लाज वाटे. असल्या भित्र्या बाईनं लोकांच्या डोक्यावरून लोखंड फिरवावं का?

मग तिनं एक युक्ती काढली. आजोळी एक तळं होतं. लहानपणी त्यात ती पाठीवर पडून तासन्‌तास तरंगायची. छाती उडू लागली की ती मनानं त्या तळ्यात उतरायची. कानांत पाणी भरे, सगळे आवाज लांब जात, वर नुसतं पांढरं आभाळ. हात तेवढे सवयीनं दांडे ओढत राहायचे.

असंच एकदा तुळई उतरवताना वायरलेसवर मुकादम ओरडले, "थांबा! ताई, थांबा!" खालून इशारे द्यायचं काम त्यांचं. तो आवाज तळ्याच्या तळाशी पोचायला दोन क्षण लागले. तुळई थांबली ती त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरली ती थेट मुकादमांकडे गेली. "चुकलंच माझं," ती म्हणाली, आणि धडधडीपासून तळ्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

मुकादम हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले. "अहो, वायरलेसवर मला तुमचा श्वास ऐकू येतो," ते म्हणाले. "तो जोरात चालला की मी निर्धास्त. म्हणतो, ताई जाग्या आहेत. आज श्वासच ऐकू येईना, तेव्हा म्हटलं, ताई गेल्या कुठं?"

"म्हणजे घाबरते तेच बरं म्हणता?"

"घाबरणं कुठलं? अंग कंबर कसतंय तुमचं. तुम्ही त्यालाच रोज हाकलून लावता. बायको माहेराहून यायची असली की माझीही छाती अशीच उडते. घर कसं लख्ख होतं त्या दिवशी!"

ताईला हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी धडधड आली, तेव्हा तिनं तिला येऊ दिलं. हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. छाती उडत असताना डोळ्यांना जास्त दिसतं. दोराचा बारीकसा झोल, खालच्या माणसाच्या मानेचा कल, अगदी वारासुद्धा. ढगाची कड वाकली की वारा निघालाय हे तिला कळू लागलं.

एका सकाळी गच्चीवर बसवायची अवजड टाकी अधांतरी असताना वारा निघालाच. "माणसं बाजूला घ्या," तिनं सांगितलं. टाकी झोके घेऊ लागली. झोका जाईल तिकडे ताई क्रेनचा हात हळूच नेत राहिली, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरावं तशी. कानांत धडधड, आणि तिच्या तालावर हात. अकरा मिनिटांनी वारा पडला. टाकी जागेवर अलगद टेकली. "जेवायला या," मुकादम वायरलेसवर म्हणाले.

पुढं कंपनीनं तिला नवीन लोकांना शिकवायला सांगितलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती आजवर टाळतच आली होती. या वेळी "येते" म्हणाली. पहिल्या दिवशी ती वर्गासमोर उभी राहिली. "जरा थांबा हं," ती म्हणाली, "छाती उडतेय. आता नीट शिकवता येईल." वर्ग हसला, तीही हसली.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका बाईनं विचारलं, "वरून पक्षी कसे दिसतात हो?"

ताईनं क्षणभर डोळे मिटले.

"पाठीकडून," ती म्हणाली. "पंखांवर ऊन पडलेलं असतं."