चाळीस कॉम्प्युटर आणि पहिला मान

“ती बोलत कावून न्हाई?”

“इंग्लिश मीडियमची हाय.”

कपाटापलीकडून नाना विचारत होते आणि माझे पप्पा उत्तर देत होते. अलीकडे बसून मी ऐकत होते. एवढ्या उत्तराने नानांचं पूर्ण समाधान झालं, याचं मला जरा वाईट वाटलं.

नाना म्हणजे माझे थोरले काका, नांदूरघाटजवळच्या आमच्या घरच्या कॉलेजचे अध्यक्ष. पप्पा सचिव, आत्या प्राचार्य आणि चाळीस कॉम्प्युटरांची जबाबदारी माझी. एकेकापुढे बसून अपडेट टाकण्यात आठवडा जायचा, म्हणून मी एक एआय एजंट जोडला होता. त्याला लिहून सांगितलं, की तो एका जागेवरून सगळीकडे अपडेट पाठवायचा. (लिहून! बोलावं लागत नाही! मला याहून चांगला सहकारी मिळाला नसता.)

नाना आत आले. “आज गुरुवार हाय, चांगला दिवस हाय. कर सुरू.”

आज बारावीच्या फॉर्मचाही शेवटचा दिवस होता. पाच वाजता साइट बंद. फॉर्म भरायला आत्यांच्या केबिनबाहेर अकरा जण उभे होते. फॉर्म राहिला तर वर्ष गेलं, आणि कॉलेजचं खातं उघडायचं फक्त ऑफिसातल्या आणि आत्यांच्या कॉम्प्युटरवर. हे मी नानांना सांगायला हवं होतं. मी नुसती हसले.

एजंटने स्क्रीनवर विचारलं, ‘आधी लॅबमधल्या दोन कॉम्प्युटरवर करून पाहू का? ठीक चालले तर उद्या बाकीचे.’

नानांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. “लॅबला पयला मान? मग अध्यक्ष काय करतो हितं?”

मी लिहिलं : आधी अध्यक्ष.

“मंग सचिव,” पप्पा हळूच म्हणाले.

“आन मी?” आत्या दारातच उभ्या होत्या. “प्राचार्य हाय मी! वर ह्या दोघांच्याहून थोरली!”

“ताई, तसं न्हाई...” पप्पा म्हणाले.

“तसंच हाय! लगीन असो का कॉम्प्युटर, मला मागंच ठिवता तुमी!”

शेवटी पप्पांनी तोडगा काढला. “भांडू नका. समद्यांना एकदमच पाठव.”

(भाजी चाखून बघायची असते. आम्ही ती न चाखता अख्ख्या पंगतीला वाढत होतो!)

एजंट घाबरला. ‘एकदम पाठवल्यास सगळं काम अडू शकतं. खात्री आहे का?’

“ह्यो इचारतो कुणाला? अध्यक्षाला?” नाना भडकले. “लई शाना हाय. हो म्हण त्याला!”

मला खात्री अजिबात नव्हती. मी हो म्हटलं.

दहा मिनिटांत कॉलेजभर निळा उजेड पसरला. लॅब, ऑफिस, लायब्ररी, सगळीकडे तेच : ‘अपडेट सुरू आहे. कृपया बंद करू नका.’

“माझं चार टक्के,” नाना ओरडले. “तुझं रे?”

“सात,” पप्पा म्हणाले.

“सात? मला सोडून पुढं गेलास?”

साडेतीनला नाना नऊ टक्क्यांवर होते आणि पप्पांशी बोलत नव्हते. मी घाईघाईने मोबाइलवरून एजंटला लिहिलं : थांबव!

‘सुरू झालेलं अपडेट मध्येच थांबवणं सुरक्षित नाही. फक्त प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर काम चालू होतं, म्हणून तो त्यांच्या परवानगीसाठी थांबला आहे.’

म्हणजे अख्ख्या कॉलेजात एकच कॉम्प्युटर जिवंत होता! मी आनंदाने आत्यांच्या केबिनकडे धावले. पण पप्पांनी माझ्या मोबाइलवर वाचून ती बातमी माझ्याआधी पोचवली होती.

“चाळीसातनं माझंच राह्यलं?” आत्यांचा हात माउसवर होता. “आत्ताच्या आत्ता हो म्हणते बघा!”

दारात नेकनूरहून बसने आलेली एक मुलगी छातीशी फाइल धरून उभी होती. तिने मलाच विचारलं, “ताई, व्हईल ना माझा फॉर्म?”

आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मीच दचकले.

“आत्या, थांबा! अध्यक्षीय भाषण कधी असतं?”

आत्यांचं बोट हवेतच राहिलं. “शेवटी.”

“मग तुमचा नंबर शेवटी नको का?”

आत्यांनी माउस सोडला, पदर सारखा केला आणि खुर्चीत टेकून बसल्या. “मंग आसं आधी सांगायचं की, बाई! बोलवा पोरांना.”

अकरावा फॉर्म गेला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. नेकनूरची मुलगी बससाठी पळत सुटली. मी भिंतीला टेकले.

नाना मात्र अजून एकसष्ट टक्क्यांवर होते आणि विचार करत होते. “म्हंजे शेवटचा मान मोठा? आन अध्यक्ष आत्या? मंग मी कोण?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. एजंटकडे कुणीच बघेना!

“तुम्ही उद्घाटक, नाना,” मी म्हणाले. आणि तोंड एकदा उघडलंच होतं, म्हणून कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, “मी आभारप्रदर्शन.”