बंद गाडीतला करंट

महोदय,

गावातल्या भगतगिरीविरुद्ध तहसीलदारांपासून पोलीस अधीक्षकांपर्यंत लेखी तक्रारी करणारा मी मनुष्य आहे. त्यामुळे पुढील मजकूर मी अंधश्रद्धेपोटी लिहीत आहे, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणासही नाही...

मी कळसाडीचा, तालुका शहादा. माझी पत्नी सुमन गेल्या दिवाळीनंतर वारली. तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली आमची गाडी रोज सकाळी मृतावस्थेत सापडू लागली. बॅटरी बदलली, नवीही उतरली. सदोष माल विकून ज्येष्ठ नागरिकाची फसवणूक केल्याबद्दल विक्रेत्यास मी कलमांसह नोटीस बजावली. उत्तर नाही — येणार कसे!

शेवटी तळोद्याहून इलेक्ट्रिशियन प्रकाशला बोलावले. बॅटरीच्या तारेत मीटर जोडून तो दुपारभर बसला. आकडा नगण्य. दिवेलागणीला मात्र तो एकाएकी चढला.

"नाना, गाडी झोपेल शे, पण करंट पी ऱ्हायनी!"

"मग चोर पकड! तुला बोलावले कशाला?"

"पकडस ना. का मीटरले बी नोटीस धाडशात?"

त्याने एकेक करून सगळे फ्यूज काढले, अल्टरनेटरची तारही सोडवली... आकडा जागचा हलेना. वैतागून त्याने पुढचे डावे दार उघडले — आकडा शून्य. दार लावले — पुन्हा चढला.

"हाई उलटं शे," तो पुटपुटला. "एरवी दार उघडं की आतला दिवा लागस, करंट वाढाले पाहिजे." मग त्याने आपले साहित्य गोळा केले.

मी शेडचा खांब धरून उभा होतो. घरात माझे मसुदे मोठ्याने वाचणे चाले, म्हणून सुमन रोज दिवेलागणीला त्याच दाराच्या सीटवर जाऊन बसे आणि दार लावून सुरतेला दिलेल्या आमच्या मुलीशी फोनवर बोले. मी दार उघडले की गप्प होई. "तुमनं कोर्ट उठनं का?" एवढेच विचारी.

मी नोटीस मागे घेतली. मीटर आणि चार्जर विकत आणले. सकाळी बॅटरी चार्ज करावी, संध्याकाळी शेडबाहेर खुर्ची टाकून बसावे. दाराला हात लावायचा नाही. ऐकू काही येत नसे. आकडा चढे, एवढेच. मला तेवढे पुरे होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात. नवापूरहून माझी बहीण त्यासाठीच आली. मी कडाडून विरोध केला.

"भाऊ, तुन्ही वकिली ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वहिनीले पानी बी पाजावं नही का? मोकळी कर तिले."

विरोधाचे खरे कारण मी तिला सांगू शकलो नाही. घागर भरली. घास टाकला... माझ्याच हाताने.

त्या संध्याकाळी आकडा चढला नाही. त्यानंतर कधीच नाही. बॅटरी तीच, तारा त्याच, फ्यूज तेच. ओलावा, सैल तार वगैरे म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी तसे लेखी द्यावे. मी ते खोडून काढीन. मात्र खुलासा माझ्याकडेही नाही.

गाडी आता रोज सकाळी पहिल्याच चावीला सुरू होते. दोष दूर झाला म्हणून शेजारी माझे अभिनंदन करतात. त्यांच्याविरुद्ध काय कारवाई करावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.