माटी खादी

मथुरामाय नव्या नवरीचं तोंड पाहत नसे, डोळा पाहायची. मी लग्न होऊन म्हसावदला आले त्याच आठवड्यात शेजारची ही बाई सरळ घरात घुसली, माझा जबडा धरला आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. मी हात झटकला, तर थोबाडीत मारली आणि माझ्या सासूबाईंना बजावलं, "इन्हा डोयामा रगत नही शे. तुन्हा पहिले इले जेवाड."

ही मेली कोण लागून गेली, असं झालं मला. मग सासूबाईंनी तिच्या घरातलं सांगितलं.

तिची सून रेखा पोटुशी होती. त्या घरात सून शेवटी जेवायची. भाजी उरली तर उरली, नाहीतर भाकर आणि ठेचा. एका दुपारी मथुरामायनं तिला चुलीची भाजकी माती खरवडून खाताना पकडलं. फुंकणी तोंडावर हाणली, समोरचा दात पडला. वर अंगणात येऊन बोंब ठोकली, "मन्ही सूननी माटी खादी!"

गल्लीनं ऐकायचं तेच ऐकलं. बाईनं माती खाल्ली म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पोट कुणाचं, इथपर्यंत वाढून ती गोष्ट उसाच्या शेतात रेखाच्या नवऱ्याच्या कानी गेली. तो बैल हाकायची पराणी घेऊनच आला आणि तिला गुरासारखं बडवलं. "खरी माटी, चुल्हानी माटी," असं ओरडत मथुरामाय मधे पडली. तिचं मनगट मोडलं, तेव्हा कुठे तो थांबला.

दवाखान्यात पोर पोटातच गेलं, पिशवीही काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी रेखाची पापणी ओढून मथुरामायला दाखवली. आत पांढरंफटक. म्हणाल्या, अंगात लोह नसलं की रक्त बनत नाही, दम लागतो, माती खावीशी वाटते. आणि माती खाल्ली की उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही. एवढ्याशा रक्तावर मार कसा सोसणार?

तेव्हापासून रेखा आधी जेवायची. एकदा मुलगा तिच्याआधी बसला, तर मथुरामायनं वाकड्या मनगटानं त्याचं ताट अंगणात भिरकावलं. माझ्याही ताटात अंबाडीची भाजी आधी पडू लागली. त्या थोबाडीचा राग मात्र माझा गेला नाही. बाई दांडगटच होती.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. रेखानं पेजेचा चमचा पुढे केला, तर दात आवळून धरले.

"तू जेवनी का?"

"जेवनू."

विश्वास कुठला! तिचा हात रेखाच्या डोळ्याकडे गेला. रेखानं तो मधेच धरला.

"रगत शे, आत्या. पोर नही शे."

मथुरामायनं तोंड उघडलं, पेज घेतली. पण गिळली नाही; नजर रेखाच्या पडलेल्या दाताच्या फटीवर अडकली.