काळ्या माशाला कोण खाऊ घालतं

तुम्ही दोघं दर रविवारी फोनवर आधी मासे बघता आणि मग आम्हा आजी-आजोबांना. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मासे तुमचेच आहेत. पण या उन्हाळ्यात काही रविवार मी फोन टाकीपासून लांब धरला आणि काचेवर उजेड चमकतो, असं कारण सांगितलं. उजेडाचा काही संबंध नव्हता. काळ्या माशाचं पोट फुगलं होतं आणि तो तिरका तरंगत होता. ते तुम्हाला दिसू नये, एवढंच मला हवं होतं. आता सगळं सांगता येईल, म्हणून क्रमाने लिहिते.

तुम्ही परत गेलात त्या दिवसापासून टाकीचं सगळं मी माझ्या हातात घेतलं. आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे डब्यावरच्या सूचना वाचायची आणि त्या पाळायची मला सवय आहे. खाणं सकाळी एकदाच, चिमूटभर. पाणी बदलायचं ते थोडंच, आणि नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवून, त्यातला औषधाचा वास उडाल्यावर. मे महिन्यात दुपारी कूलर लावूनही टाकीचं पाणी कोमट व्हायचं, तेव्हा मी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली त्यात तरंगत ठेवायची. नारिंगी मासे तिच्यापासून लांब पळायचे. काळा मात्र आपले बटाट्यासारखे डोळे घेऊन तिला येऊन टेकायचा.

तुमचे आजोबा तेव्हा टाकीकडे ढुंकूनही बघत नसत. "वीज खाणारी शोभा," एवढंच म्हणायचे.

मेच्या मध्यावर पाणी दुधाळ दिसायला लागलं. मी उन्हाला दोष दिला. पाणी बदललं, गाळणीतला स्पंज धुतला, तरी दोनतीन दिवसांत पुन्हा तेच. मग एका सकाळी तळाच्या खड्यांवर पांढरं, फुगलेलं काहीतरी दिसलं. जाळीने वर काढून बशीत ठेवलं. मऊ झालं होतं, पण एका बाजूला तपकिरी ठिपका शाबूत होता. तव्यावर पोळीला पडतो तसा.

आमच्या घरात पोळ्या एकच व्यक्ती करते. हुडकेश्वरहून येणाऱ्या आपल्या स्वयंपाकवाल्या बाई. ती बशी मी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"हे टाकीत कसं गेलं?"

त्यांनी वाकून पाहिलं. "पोळी आहे."

"ते मला दिसतंय. टाकली कुणी?"

"मले काहून विचारता, काकू? मी सैपाकघरातून बाहेर निघतो कधी?" त्यांनी लाटणं खाली ठेवलं नाही. "आमच्या घरी हातमागावर धागा तुटला, तं जो मागावर बसला त्यालेच विचारते. पाणी भरणारीले नाही विचारत."

"मग इथे मागावर कोण बसलंय?"

"ते तुम्ही पाहा. घर तुमचं आहे."

त्यांना काहीतरी माहीत होतं आणि त्या ते सांगणार नव्हत्या, हे मला कळलं. पण त्या वेळी मी त्याचा अर्थ उलटा लावला. त्या स्वतःला वाचवताहेत असं मला वाटलं. तेव्हापासून त्या हॉलमधून बाहेर जाताना मी मुद्दाम तिथेच काहीतरी आवरत थांबायला लागले. त्यांनी ते ओळखलं आणि चप्पल घालायला मागच्या दाराने जाऊ लागल्या.

दुसरा संशय शेजारणीवर. तुम्हाला ती आठवत असेल, तुम्हाला संत्र्याची बर्फी देते ती. विरजण मागायला आली की टाकीसमोर उभी राहायची. त्या दिवशीही राहिली आणि नेहमीचंच बोलली.

"या काळ्याला जपा बरं का, ताई. घरावरचं जे काही येतं ना, ते हा आपल्या अंगावर घेतो. आमच्या नणंदेकडचा काळा असाच मेला, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलाचा अपघात होता होता टळला."

मी म्हणाले, "तो मासा टाकी न धुतल्यामुळे मेला असेल."

"हसा तुम्ही. वास्तूवाले उगाच नाही ठेवायला सांगत."

आजोबा दिवाणावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "आणि तो अशक्त असला तर?"

"कोण, भाऊजी?"

"मासा. त्याला झेपतं का ते?"

शेजारीण खळखळून हसली. मला वाटलं, हे तिची फिरकी घेताहेत. बुटीबोरीच्या कारखान्यात आयुष्यभर कापडातले दोष शोधणारा माणूस. असल्या गोष्टींवर यांचा विश्वास कधीच नव्हता. ती गेल्यावर मात्र मी विचार केला की हिचं येणं हल्ली वाढलं आहे. माझी पाठ वळली की हीच माशाला नैवेद्य दाखवत असेल. पुढच्या वेळी तिला विरजण मी दारातच दिलं.

दोघींवर नजर ठेवूनही पोळी येतच राहिली. काळा मासा आता तिरका व्हायला लागला होता. पोट एवढं ताणलं होतं की खवले उभे राहतील की काय, अशी भीती वाटायची.

घरात राहिलं कोण?

आता मी तुमच्या आजोबांकडे पाहायला लागले, आणि पाहायला लागल्यावर जे दिसलं ते मला मुळीच आवडलं नाही. ते जेवायला टेबलावर बसत नव्हते. ताट घेऊन दिवाणावर जायचे, टाकीच्या शेजारी. "बातम्या बघतो," म्हणायचे, पण टीव्ही बंद असला तरी तिथेच बसायचे. मी पाणी आणायला आत गेले की वाटीचा आवाज यायचा आणि बाहेर आले की ताट लख्ख. पोळ्या संपलेल्या, भाजी संपलेली. इतकं व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाची पँट मात्र कमरेवरून सुटत चालली होती. दातांचं कारण सांगून त्यांनी दहीभात वाढवून घ्यायला सुरुवात केली होती. ही प्रत्येक गोष्ट मला दिसत होती, पण मी ती एकमेकींच्या शेजारी मांडून पाहिली नव्हती.

एका दुपारी त्यांचं ताट वाढलं आणि शेजारणीकडे जाते असं सांगितलं. दार उघडलं, लावलं, आणि आतल्याच बाजूला पॅसेजच्या पडद्यामागे उभी राहिले. या वयात हे शोभत नाही, पण विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं नसतं.

त्यांनी पहिला घास घेतला. खूप वेळ चावला. गिळताना थांबले, छातीवर हात दाबून धरला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा थांबले. घास खाली गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी उरलेली पोळी हातात घेतली, तिचा चुरा केला, टाकीचं झाकण उचललं आणि काळ्यासमोर टाकला.

"खाय गा," ते माशाला म्हणाले. "खाय, बाप्पा. तुले ताकद पाहिजे."

त्यांच्या तोंडून ही उमरेडची बोली मी लग्नाच्या सुरुवातीला, त्यांच्या आईशी बोलताना ऐकली होती. त्यानंतर माझ्याशी ते नेहमी शाळेच्या मराठीतच बोलत आले.

मी पडद्यामागे होते तिथेच राहिले. मासा मेला की संकट टळतं, असं शेजारीण म्हणाली होती. मग हा माणूस माशाला खाऊ घालून मारतो आहे का? आणि मारायचाच असेल, तर कुठलं संकट टाळायला?

मी बाहेर आले. ते दचकले नाहीत. झाकण नीट बसवलं, हात पुसले.

"कधीपासून पोळी उतरत नाही?" मी विचारलं.

"होळीच्या आसपास."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"म्हणून नातवंडांच्या माशाला मारायला निघालात?"

"मारायला?" त्यांना खरोखरच लागलं. "अगं, मी त्याला जगवतोय. एवढं ओझं घ्यायचंय त्याला. उपाशी हमाल कधी बोरा उचलतो का?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्यानंतर त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. आधी भाकरी सुटली, मग वरण, मग पाणी. तुमचे आजोबा घरातच होते आणि त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. त्या आजाराचं नाव डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं नव्हतं त्यांना.

"म्हणून डॉक्टरऐवजी माशाला दाखवलंत."

"इथे नंबर लावावा लागत नाही," ते म्हणाले.

मी त्यांना टाकीजवळ नेलं आणि काळ्याचं पोट दाखवलं. म्हटलं, तुमचा हमाल तुमच्याच पोळीने आडवा झाला आहे. त्याला आता उपास पडेल, तरच तो वाचेल. त्याला वाचवायचं काम माझं. पण तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात आलात तरच मी ते करेन. त्यांनी वाकून ते पोट नीट पाहिलं. मग म्हणाले, "त्याला त्रास नको."

घशातून नळी घालून करायची तपासणी उपाशीपोटी असते. त्या सकाळी स्वयंपाकवाल्या बाईंना चहासुद्धा ठेवू नका, असं सांगितलं, तर त्या टाकीकडे आणि मग आजोबांकडे बघून म्हणाल्या, "साहेबही उपाशी अन् मासाही उपाशी? आज एकादशी आहे का?" आणि मग हळूच मला, "झालं ते चांगलं झालं, काकू. मी मनात म्हणतच होतो, ताटात पोळी राहत नाही अन् माणूस वाळून राहिला."

दवाखान्यात मी कुणावरही विश्वास ठेवला नाही. नर्स गोड बोलली तेव्हा वाटलं, हिला काहीतरी कळलं आहे. डॉक्टर हसले तेव्हा वाटलं, हे सगळ्यांकडेच बघून असे हसत असतील. मी त्यांना सगळं इंग्रजीत विचारलं. मराठीत माणूस धीर देतो. मला धीर नको होता. त्यांनी पडद्यावर दाखवलं: जुन्या आम्लपित्तामुळे अन्ननलिका एका जागी अरुंद झाली होती. ती त्यांनी तिथल्या तिथे रुंद केली. पण एक बारीक तुकडा तपासायला पाठवला होता, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ते काहीही बोलायला तयार नव्हते.

ते दिवस आम्ही टाकीसमोर काढले. काळ्याचं पोट हळूहळू उतरलं. तो सरळ पोहायला लागल्यावर मी एक मटार उकडला, साल काढली आणि त्याला बारीक करून दिला. आजोबा शेजारी मऊ खिचडी खात होते. एकमेकांकडे न बघता दोघांचं चाललं होतं.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. वाईट काही नाही. मी तो वाचला, परत वाचला, आणि मगच त्यांच्या हातात दिला.

शेजारणीला कळलं तेव्हा ती पेढे घेऊन आली. "बघा, काळ्याने घेतलं."

"काळा जिवंत आहे," मी म्हणाले.

"तेच तर. धष्टपुष्ट होता म्हणून पचवलं त्याने."

आजोबांनी पेपर थोडा वर धरला.

आता ते टेबलावर जेवतात, माझ्यासमोर. माशांच्या खाण्याचा डबा माझ्या कपाटात असतो. तरी रोज सकाळी मी आधी तळाचे खडे बघते आणि मग चहा ठेवते. परवा तिथे पुन्हा पांढरट काहीतरी दिसलं. जाळी घातली, तर मटाराची साल निघाली.

"मीच दिला," ते म्हणाले. "त्याला चालतो ना मटार?"

"त्याला चालतो. तुम्हाला पोळी चालते का?"

"चालते की."

मी नुसत्या शब्दावर सोडलं नाही. गरम पोळी वाढली आणि समोर खुर्ची ओढून बसले. शेवटचा तुकडा हातात राहिला तेव्हा त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं. काळा काचेला येऊन टेकला होता, डोळे बाहेर काढून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि शाळेतल्या मुलासारखा आ करून दाखवला.

मी वाकून नीट बघितलं.