टेलरचाचाचा उजवा हात

मी पायाळू. म्हणजे पायाकडून जन्मले. आमच्या पोंभुर्ण्याकडे पायाळूचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण पळते असं समजतात. त्यामुळं मला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून गावातली माणसं माझ्यापुढं पालथी पडलेली आहेत. लहानपणी मजा वाटायची. पण आत्यानं मला हातानं चोळायला शिकवलं आणि त्या पायाचा रागच यायला लागला. आत्या बाळंतिणींना चोळायची, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांचे आखडलेले हात मोकळे करायची. तिची सगळी विद्या माझ्या अंगठ्यात उतरली होती, हे मी आजही छातीठोक सांगते. लोकांना मात्र पायच पाहिजे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. जून लागला होता. बाजारातले टेलरचाचा आणि चाची घरी आले. चाचांचा उजवा हात अंगठ्यापासून मनगटापर्यंत सुजलेला, चहाचा कप धरवत नव्हता. शाळा उघडायच्या आधी गणवेश शिवून द्यायचे म्हणून जाड खाकी कापडाचे सहा-सहा थर एकावर एक ठेवायचे आणि जमिनीवर उकिडवं बसून एका दमात कापायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. चंद्रपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन लागेल असं सांगितलं होतं. ऑपरेशनला चाचा भीत नव्हते. "कात्री सुटली त मी काय करू, बाई?" एवढंच म्हणाले आणि मनगट पाटावर ठेवून मला पाय लावायला सांगू लागले.

मी भडकलेच. ज्या हातानं माणूस जेवतो, ज्या हातानं अर्ध्या तालुक्याचे कपडे कापतो, त्याच्यावर मी पाय ठेवू? "पाय नाई लावत. हात लावू देत असान त बसा, नाई त घरी जा." चाचा उठायला निघाले होते, चाचींनी ओढून खाली बसवलं.

मनगटाला मी हातच लावला नाही. कोपराखालच्या मांसात हळूहळू अंगठा फिरवत गेले. तिथं नुसत्या गाठी. दुखतं एकीकडं आणि ही चोळते दुसरीकडं, अशी चाचांची कुरकुर चालू होती. मी म्हटलं, ओढणारा इथं बसलाय, आधी याला सोडवू. कोमट तेल लावायचं, हलकं दाबायचं, माणसाचा श्वास सुटेपर्यंत थांबायचं, मग बोटभर पुढं सरकायचं. कात्री अर्थातच बंद. चार दिवसांत सूज उतरली. पाचव्या दिवशी त्यांनी पाण्यानं भरलेला लोटा स्वतः उचलला.

आणि इथंच मी माती खाल्ली. आत्या असती तर म्हणाली असती, अजून पंधरा दिवस थांब. पण तो लोटा पाहून माझ्या डोक्यात हवा गेली. आजच काय ते मोकळं करून टाकते म्हणून त्या दिवशी सगळा जोर लावून दाबलं, आणि वर ऐटीत सांगितलं, कापा आता. चाचांनी घरी जाऊन सहाच्या सहा थर कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाची एकट्याच आल्या. हात आधीपेक्षा जास्त सुजला होता, बोटंसुद्धा मिटत नव्हती.

मला लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू. मला भीती वाटली. माझ्या तोऱ्यापायी एका माणसाचा हात जाणार होता. तशीच चाचींबरोबर दुकानात गेले. चाचा मशीनमागं बसले होते, हात मांडीवर ठेवून.

"चूक माही हाय, चाचा," मी म्हटलं. "तुमची नाई. मी घाई केली."

ऑपरेशन करायचं असेल तर चंद्रपूरला मी सोबत येते, हेही सांगितलं. चाचांनी डाव्या हातानं तो सुजलेला हात उचलला आणि माझ्यापुढं ठेवला.

सूज ओसरेपर्यंत मी दाबलं नाही, नुसता ओला फडका गुंडाळत राहिले. नंतर रोज दुकानात जाऊन थोडं थोडं चोळलं. कात्रीला धार लावून आणली, उभं राहून कापता येईल असं टेबल सुताराकडून करून घेतलं, दोनच्या वर थर ठेवायचे नाहीत असं बजावलं. त्या वर्षी गणवेश उशिरा झाले. शाळेचे मास्तर बोलायला आले, त्यांना मीच चार शब्द सुनावले.

राखीच्या सुमारास चाचांनी माझ्यासमोर पहिल्यांदा कात्री उचलली. दोन थर. कापड सरळ कापलं जात होतं, हात कुठं अडखळत नव्हता. मी मनात म्हणत होते, आता पुरे, आता ठेवा. अर्ध्यावर चाचांनी आपणहून कात्री खाली ठेवली, बोटं उघडली, मिटली.

"पाह्य बेटी," ते म्हणाले, "दुखायच्या आधी थांबलो."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, तरी मी रडले.