ट्रायलचा नीलम

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी, बंगळुरूच्या जयनगरमधल्या आमच्या रत्नपरीक्षण लॅबमध्ये एक नीलम काच निघाला.

अंगठी सतीश यांची होती. राहणार जे. पी. नगर, नोकरी मारतहळ्ळीच्या एका आयटी कंपनीत. कंपनीत सोमवारी कपात जाहीर होणार होती. नोकरी टिकावी म्हणूनच त्यांनी दिवाळीत नीलम घेतला होता. तो पुरेसा ‘पॉवरफुल’ आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पॉवर मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. खडा कशाचा आहे, एवढे सांगता येते.

नीलम शनीचा मानतात. लाभला तर रंकाचा राजा, नाही तर राजाचा रंक. म्हणून तो आधी उशीखाली ठेवून तीन रात्री झोपतात. वाईट स्वप्न पडले तर खडा दुकानात परत. सतीश यांना तीन रात्रींत एकही स्वप्न पडले नाही. त्याच आठवड्यात त्यांना छळणारा मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. खडा लाभला, असे घरात ठरले.

मायक्रोस्कोपखाली खड्यात गोल बुडबुडे दिसले. वितळलेल्या काचेत हवा अडकली की असे बुडबुडे राहतात. जमिनीतून निघालेल्या नीलमात ते नसतात.

“रिपोर्ट सोमवारनंतर द्या ना,” सतीश म्हणाले.

“सोमवारनंतरही ती काचच असेल,” आमचे बॉस म्हणाले.

“पण सर, त्याने मॅनेजर हलवला!”

“आम्ही मॅनेजर टेस्ट करत नाही.”

सतीश यांच्या आई सोबत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी तिथूनच ज्वेलरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“अक्का, स्वल्प ऐका,” ज्वेलर म्हणाला. “कारागिराची चूक. ट्रायलचा खडा अंगठीत बसला.”

“ट्रायलचा म्हणजे?”

“उशीखाली ठेवायला आम्ही काचच देतो. खरा नीलम गादीत हरवला तर मी काय करू?”

“सगळ्यांना काच?”

“सगळ्यांना. आजवर एकालाही वाईट स्वप्न नाही.”

संध्याकाळी ज्वेलर खरा नीलम घेऊन लॅबमध्ये आला. आम्ही तपासला. नैसर्गिक होता.

“आता सरी, ठीक ना, अक्का?”

“सरी कसं? ह्याची ट्रायल कुठे झालीय?”

सोमवारपर्यंत दोनच रात्री उरल्या होत्या. ज्वेलरने प्रथमच खरा खडा ट्रायलला दिला. काचेची अंगठी सतीश यांच्या मधल्या बोटात परत गेली.

पुढचे सतीश यांनी मंगळवारी रिपोर्ट न्यायला आल्यावर सांगितले. शनिवारी रात्री त्यांना स्वप्न पडले. ऑफिसच्या गेटवर कार्ड लावले, गेट उघडेना, आणि मागे रांगेत तोच जुना मॅनेजर उभा. रविवारी सकाळी दुकान उघडताच अक्कांनी खरा नीलम परत केला. सोमवारी सतीश काच घालून कामावर गेले. नोकरी टिकली.

“रिपोर्टवर ‘काच’ जरा ठळक छापाल?” त्यांनी विचारले. “अक्का देवघरात ठेवणार आहे.”

रिपोर्टचा फॉन्ट ठरलेला असतो. तो बदलला नाही.

जानेवारीत सतीश यांच्याच ऑफिसमधले दोघे निळ्या खड्यांच्या अंगठ्या घेऊन आले. खरेदी त्याच दुकानातली होती.

“नीट बघा, सर,” एकजण म्हणाला. “काचच आहे ना? हल्ली फसवतात.”

दोन्ही खड्यांत गोल बुडबुडे होते.