वास गेला त्या उन्हाळ्यात

त्या दुष्काळी उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. टँकरच्या रांगेत उभी माणसं त्यावरच वाद घालायची. मी शाळेत शिक्षिका. खडूच्या धुळीनं आणि फुफाट्यानं मला सारखी सर्दी. परदेशातल्या दिरानं जस्ताचं मलम पाठवलं होतं, नाकात सोडायचं. सर्दी लवकर जाते म्हणाला. मी ते नाकात सोडून जोरात ओढलं. कपाळापर्यंत आग गेली, डोळ्यांतून पाणी आलं. औषध आहे, झोंबणारच, असं समजून दोन्ही नाकपुड्यांत पुन्हा घातलं.

सर्दी ओसरली. एका सकाळी टँकर आला. मी घागर भरून घेतली आणि तिथंच ओंजळभर पाणी प्याले. मागून शेजारीण ओरडली, "अवो बाई, थुका ते! लई घाण मारायलंय!" सगळ्या बायका पदर नाकाला लावून मागं सरल्या होत्या. मला कसलाच वास येत नव्हता. घरी येऊन मी हिंगाची डबी उघडली, मग रॉकेलचं झाकण. नुसती हवा.

नवऱ्यानं मला नांदेडला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. मलमाची नळी उलटसुलट पाहून ते म्हणाले, "जस्त विषाणूला नाकातल्या पेशींना चिकटू देत नाही, वाढू देत नाही, अशी यामागची कल्पना. प्रयोगशाळेत तसं थोडंफार दिसतं. पण वासाच्या नसांची टोकं नाकात वर उघडीच असतात. तिथं हे पोचलं, तर तीच मरतात."

"परत येईल ना वास?"

"काहींचा येतो. तुमचं आज सांगता येत नाही."

पुढं सासूबाई पाणी हुंगून द्यायच्या, तेव्हाच मी प्यायची. काडी ओढण्याआधी त्यांना हाक मारायची, "आत्या, गॅस तर सुटला नाही ना?" त्या गावाला गेल्या की मी शेगडीला हात लावत नसे.

दिवाळीच्या सुमारास एकदम जळका वास आला. घरच पेटलं असं वाटून मी वर्ग सोडून घराकडे पळाले. घरात काहीच जळत नव्हतं. सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

तो जळका वास अजून येतो, कुठंही, केव्हाही. दुसरा कुठलाच परत आला नाही. खोटा आहे हे कळतं, तरी दरवेळी उठून मी सगळं घर तपासते.